विनापरवाना संग्राहक

पोंभुर्ण्याहून चंद्रपूरला जाणाऱ्या एसटीत नागपूरच्या मित्राचा फोन आला. खिडक्यांच्या खडखडाटात ओरडूनच बोलावं लागत होतं. "मिळाली? एकावन्नचीच ना? कोल्ट? नंबर नीट दिसतो का? चक्रीवरची नक्षी शाबूत आहे? मग सोडू नको, मी उद्याच येतो!" फोन खिशात ठेवून पाहतो तर शेजारची जागा रिकामी. मोहफुलाची टोपली मांडीवर घेऊन बसलेल्या बाई उठून थेट कंडक्टरपाशी जाऊन उभ्या राहिल्या होत्या. आमच्या मुलखात वाघाची थट्टा एकवेळ खपते, बंदुकीची खपत नाही. चंद्रपूर येईपर्यंत मी सगळ्या गाडीला ऐकू जाईल अशा आवाजात "फोटो हो, फोटो" म्हणत होतो, आणि जितकं म्हणत होतो तितकं ते खोटं वाटत होतं.

पण होता तो फोटोच. शाळेतून निवृत्त झाल्यापासून मी जुन्या नक्षीदार रिव्हॉल्व्हरांचा संग्रह करतो, आणि त्यात एकही रिव्हॉल्व्हर नाही. एक रजिस्टर आहे. हजेरीपटासारखे रकाने आखलेले: क्रमांक, बनावट, वर्ष, कारागीर, मालक, शेरा. शेहेचाळीस नोंदी आहेत. पत्नीच्या मते बंदुकीत जीव नाही आणि माणसाला काम नाही, एवढाच या छंदाचा सारांश. तिला मी कायदा समजावून सांगतो. १९५९ च्या शस्त्र कायद्यात २०१९ साली दुरुस्ती झाली आणि परवाना असला तरी माणशी दोनच बंदुका, असं ठरलं. कालबाह्य झालेल्या, दुरुस्त करूनही उडणार नाहीत अशा हत्यारांना सूट आहे. पण ते आता उडणार नाही हे ठाणेदाराला पटवून द्यायचं कसं? त्यापेक्षा फोटो बरा. तो कशानेच उडत नाही.

आधी एक गोष्ट स्पष्ट करतो, कारण आमच्याकडे सगळ्यालाच पिस्तूल म्हणतात. रिव्हॉल्व्हरला फिरती चक्री असते, पाच-सहा घरांची. सॅम्युअल कोल्ट या अमेरिकनानं १८३६ साली तिचं पेटंट घेतलं. पुढे १८५१ चं 'नेव्ही' मॉडेल निघालं, तेच माझं लाडकं. ही अडीच लाखांच्या आसपास बनली, म्हणजे दुर्मीळ नव्हेच. दुर्मीळ आहे ती तिच्या चक्रीवरची लढाई. चक्रीच्या गोलाईवर चारी बाजूंनी समुद्र कोरलेला आहे. शिडाची जहाजं, तोफांचा धूर, खाली तारीख: १६ मे १८४३. टेक्सासच्या आरमाराची मेक्सिकोशी झालेली चकमक. रिव्हॉल्व्हर वापरली ती बहुतेक घोड्यावर बसून, कोरड्या जमिनीवर, आणि तिच्यावर जहाजं! आमच्याकडे समुद्र न पाहिलेला माणूस घराच्या भिंतीवर कोकणातला सूर्यास्त लावतो, त्यातलंच हे.

मूळ चित्र कोरलं वॉटरमन ऑर्म्सबी यानं. हा बँकेच्या नोटांच्या छपाईसाठी पत्रे कोरणारा माणूस. नकली नोटा कशा रोखाव्यात याचा त्याला ध्यास. त्याचं चित्र पोलादी रुळावर उतरवायचं आणि तो रूळ चक्रीवर दाबून फिरवायचा, पोळपाटावर लाटणं फिरवावं तसा. नक्षी असली की नक्कल ओळखू येते, हा त्यातला व्यापारी हिशेब. चक्री कातडी म्यानात घासते, त्यामुळे ती वापरली की आधी पुसट होतात ती जहाजंच. जाणकार भिंगातून किती लढाई उरली आहे ते पाहतात आणि त्यावरून किंमत ठरते. ज्या रिव्हॉल्व्हरनं प्रत्यक्ष लढाई केली तिच्यावरची लढाई मिटलेली असते, आणि जिच्यावरची ताजी आहे ती मखमली पेटीत झोपून राहिलेली असते. पेन्शनरांचंही काहीसं असंच असावं, पण ते राहू द्या.

खास हातानं कोरलेल्या रिव्हॉल्व्हरांची जात वेगळी. त्या राजेरजवाड्यांना नजर करायच्या. कोल्टनं रशियाचा झार पहिला निकोलस याला सोन्याचं जडावकाम केलेली एक दिली होती. पण माझा जीव अडकलाय तो न्यूयॉर्कच्या निम्श्के नावाच्या कारागिरावर. हा जर्मनीहून आलेला. काम गिऱ्हाइकाला देण्याआधी कोरीव रेषांत शाई भरून त्याचा कागदावर ठसा उठवून घ्यायचा आणि वहीत चिकटवायचा. बंदुका जगभर गेल्या, वही मात्र उरली. एखाद्या नक्षीवर सही नसली तरी वही उघडून पानांशी ताडून पाहता येतं. वेलींची वळणं, पानांच्या शिरा, पार्श्वभूमीचे ठिपके. हस्ताक्षर ओळखावं तसा हात ओळखता येतो. पस्तीस वर्षं पोरांच्या वह्या तपासलेल्या माणसाला हे लगेच पटतं.

आणि नक्षीहून मोलाचा असतो नंबर. कोल्ट कंपनीकडे जुनी दप्तरं आहेत. पुष्कळदा नंबर कळवला की तो नग कोणत्या तारखेला, कोणाच्या नावानं कारखान्यातून निघाला ते कळतं. बंदुकीचा सातबाराच म्हणा. नंबराची ताकद आपल्याकडेही दिसली. १७ डिसेंबर १९२८ ला लाहोरला साँडर्स या पोलीस अधिकाऱ्यावर पहिली गोळी झाडली ती आपल्या खेडच्या राजगुरूंनी; मागोमाग भगतसिंगांनी. भगतसिंगांची कोल्ट खटल्यातला मुद्देमाल झाली आणि मग लोकांच्या नजरेआड गेली. २०१६ च्या सुमारास ती इंदूरला सीमा सुरक्षा दलाच्या शस्त्रसंग्रहालयात सापडली. पंजाबातल्या फिल्लौरहून १९६९ साली तिथे आलेल्या हत्यारांच्या गर्दीत ती गुमान पडून होती. गंज चढू नये म्हणून सगळ्यांना काळा रंग फासलेला. रंग खरवडला, आकडे वर आले: १६८८९६. कागदावरचा आकडाही तोच. ती स्वयंचलित पिस्तूल आहे, रिव्हॉल्व्हर नव्हे, म्हणून माझ्या नियमात बसत नाही; तरी रजिस्टरात पहिली नोंद तिचीच आहे. शेऱ्याच्या रकान्यात मी 'नक्षी: काळा रंग' असं लिहिलं आहे.

हे सगळं वाचताना मला एक दिवस आज्याची भरमार आठवली. नळीत तोंडाकडून बारूद, चिंध्या आणि छर्रे भरायचे, लोखंडी गजानं ठासायचे, टोपी बसवायची, मग देवाचं नाव घ्यायचं. आजा ती घेऊन धानाच्या बांधीत जागलीला जायचा, रानडुकरांसाठी. तो वारला तेव्हा बंदूक ठाण्यात जमा करायची होती. मी तेव्हा दहावीत. नेण्याच्या आदल्या रात्री नाण्यावर कागद ठेवून पेन्सिल घासतात तशी मी सगळ्या बंदुकीवर घासली होती. निम्श्केचं नावही तेव्हा ऐकलेलं नव्हतं, हे अभिमानानं नमूद करतो.

तो कागद ट्रंकेत सापडला. नळीवर ठोकलेले आकडे उमटले होते, ते परवान्याचे. पण लाकडी दस्त्याच्या भागावर चक्क नक्षी होती! बारीक रेषांच्या जोड्या, शेजारी शेजारी, तिरप्या, एका लयीत चाललेल्या, मधेच वळलेल्या. गोंडी कलेशी नातं सांगणारी, अनाम कारागिराची, असा दोन पानी लेख मी मनात लिहूनही टाकला. नागपूरच्या अजब बंगल्यात, म्हणजे संग्रहालयात जाऊन जुन्या हत्यारांशी ताडून पाहायचं ठरलं. त्याआधी, साक्षीदार म्हणून, आज्यासोबत जागलीला गेलेल्या शेजारच्या म्हाताऱ्या काकाजींना कागद दाखवला.

त्यांनी तो उन्हात धरला, उलटा केला, परत सुलटा केला.

"का जी गुरुजी, हे कायची नक्षी? हे त सायाळीचे दात होत."

"सायाळीचे?"

"मानसाच्या घामाले मीठ रायते ना जी. हात लागून लागून दस्त्यात मुरते. सायाळ मिठासाठी लाकूड खाते." मग ते बोळक्या तोंडानं हसायला लागले, आणि बराच वेळ थांबेनात. "तुमचा आजा मचानावर घोरे, बंदूक खाली खुंट्याले टेकून. डुक्कर धान खाये, सायाळ बंदूक खाये."

संध्याकाळी रजिस्टर काढलं. क्रमांक ४७. बनावट: भरमार. वर्ष: रिकामं. मालक: आजा. कारागिराच्या रकान्यापाशी थोडा थांबलो, मग लिहिलं, सायाळ. शेरा: काम मन लावून केलेलं.