डावी बाही

लोकरीच्या दुकानात तुम्ही त्यांना पाहिलेलं आहे. दुकानदाराने गुंडा हातात दिला की त्या आधी तो दाबतात, मग गालाला लावतात, मग ज्याचा स्वेटर व्हायचा आहे त्याच्या छातीकडे एक डोळा बारीक करून बघतात आणि म्हणतात, "नऊ द्या. पुरेल."

दुकानदार म्हणतो, "काकू, अकरा न्या. उरले तर परत घेतो."

"अकरा? अहो, स्वेटर विणायचाय, मांडव नाही घालायचा."

नऊ पुरत नाहीत. आजवर एकदाही पुरलेले नाहीत.

पुण्यातल्या ज्या सोसायटीत प्रस्तुत लेखक राहतो, तिथे या बाईंना पुरेलमावशी म्हणतात. अर्थात पाठीमागे; तोंडावर नुसतं मावशी. असं एक माणूस प्रत्येक सोसायटीत असतंच. कुठे ते बारशाच्या जेवणाची पानं सांगतं, कुठे गच्चीच्या वॉटरप्रूफिंगला सिमेंट किती लागेल ते. इथे लोकर.

दर गुरुवारी दुपारी चार वाजता क्लब हाउसमध्ये सात बायका आणि बी विंगमधले एक निवृत्त इंजिनीअर सोबत विणायला बसतात. दसऱ्याला सगळ्यांनी एकाच नमुन्याचे टाके घालायचे, दिवाळीपर्यंत पाठ आणि पुढची बाजू उरकायची, आणि पुण्यात थंडी म्हणून जे काही पंधरा दिवस येतं ते सरायच्या आत स्वेटर अंगात चढवायचा, असा बेत असतो. लोकरीचा रंगही एकच ठरतो. कारण नऊ माणसांनी नऊ रंग घेतले तर कुणाचं पुढे गेलंय, कुणाचं मागे राहिलंय, हे नीट दिसत नाही, असं म्हणतात. (सात अधिक एक आठच होतात. नववं माणूस प्रस्तुत लेखक. त्याला विणता येत नाही. त्याच्या छातीचं माप घेतात.)

तर डावी बाही. मावशींच्या नात्यातली माणसं ओळखायला आडनाव विचारावं लागत नाही. पाठ, पुढची बाजू, उजवी बाही एका रंगाची, आणि डावी त्या रंगाची चुलत बहीण. मेंदी स्वेटरला शेवाळी बाही, जांभळ्याला वांगी. मावशींच्या धाकट्या दिरांना डावा हात कायम पँटच्या खिशात ठेवायची सवय आहे. लोक त्याला ऐट समजतात. न्यू जर्सीतल्या नातवाला शाळेत कुणी विचारलं, तेव्हा त्याने सांगितलं की भारतात असाच घालतात. घरातल्या एका डिसेंबरातल्या साखरपुड्याचा फोटो आहे. त्यात तेरा माणसं ओळीने उभी आहेत आणि तेरांच्या तेरा डाव्या बाह्या वेगळ्या आहेत. नव्याने आलेल्या व्याह्यांना वाटलं, यांच्याकडे कुळाचार असेल.

डावीच का, याचं उत्तर सोपं आहे. उजवी आधी विणतात. "शुभकार्याला उजवा हात पुढे," असं मावशी म्हणतात, आणि लोकर संपते ती त्यानंतर. इंजिनीअरसाहेबांनी एकदा अदबीने सांगून पाहिलं, "वहिनी, साध्या स्वेटरच्या बाहीत डावं-उजवं काही नसतं. दोन्ही सारख्याच. शिवताना जिथे लावाल ती तिची बाजू." मावशींनी सुईवरची ओळ पुरी केली आणि म्हणाल्या, "मला कळते हो कुठली डावी ते."

आता लोकर संपली तर पुन्हा जाऊन तोच नंबर आणावा, एवढं साधं. पण तसं होत नाही. गुंड्याच्या कागदी पट्टीवर रंगाच्या नंबराशेजारी आणखी एक नंबर छापलेला असतो, लॉटचा. लोकर रंगवतात ती घाण्याघाण्याने, आणि दोन घाण्यांचा रंग तंतोतंत उतरत नाही, जसा दोन दिवसांच्या आमटीचा उतरत नाही. तुळशीबागेत दुकानातल्या ट्यूबलाइटखाली दोन्ही गुंडे जुळे वाटतात. गॅलरीतल्या उन्हात नेले की चुलत होतात. जाणत्या बायका अशा वेळी दोन ओळी जुन्या गुंड्याच्या, दोन ओळी नव्या, अशी सरमिसळ करत विणतात, म्हणजे फरक डोळ्यांत भरत नाही. पण त्यासाठी जुना गुंडा संपायच्या आत आपल्याला तूट येणार हे कबूल करावं लागतं. मावशी शेवटच्या वावापर्यंत "पुरेल" म्हणत असतात, त्यामुळे सरमिसळीला जुनं काही शिल्लकच राहत नाही.

ही तूट येते कुठून, याचा छडा इंजिनीअरसाहेबांनी लावला. त्यांच्याकडे चपट्या आकाराचा स्वयंपाकघरातला वजनकाटा आहे, आणि तो ते गुरुवारी नॅपकिनमध्ये गुंडाळून आणतात. मावशींनी बत्तीस छातीचा एक स्वेटर ४०० ग्रॅममध्ये बसवला होता, हे खरं. पन्नास ग्रॅमचे आठ गुंडे. मग छत्तीस छातीचा काढला, तेव्हा त्यांचा हिशोब असा: चार इंच वाढले, म्हणजे एक गुंडा वाढवा. नऊ. साहेबांनी कागद पुढे ओढला. छाती वाढली की लांबीही वाढते आणि बाहीही. छत्तीस भागिले बत्तीस म्हणजे साडेबारा टक्के वाढ. पण ती आडवीही आणि उभीही. गुणाकार केला तर लोकर जवळजवळ सत्तावीस टक्के वाढते. ४०० चे ५०६ ग्रॅम. म्हणजे दहा गुंडे संपून अकराव्याला हात लागणार. त्यात मावशी निम्म्या वाटेवर "दोन वेण्या घालू, शोभेल" म्हणणार, आणि वेणीची नक्षी विणीला आत ओढते, तेवढीच रुंदी भरायला टाके जास्त लागतात. एकूण तूट ऐंशी-पंच्याऐंशी ग्रॅमची.

साहेबांनी काट्यावर मावशींची एक सुटी बाही ठेवली. काट्याने ८४ दाखवले. खोलीत शांतता पसरली.

"योगायोग," मावशी म्हणाल्या.

त्यांच्या सासऱ्यांच्या स्वेटरची गोष्ट मात्र वेगळी आहे, तिथे दोष इतिहासाचा. नमुना एका जुन्या इंग्रजी पुस्तकातला होता आणि त्यात लोकर औंसात दिली होती: सोळा. मावशींनी पंचवीस ग्रॅमचे सोळा गुंडे आणले. एक औंस म्हणजे अठ्ठावीस ग्रॅमच्या थोडं वर. दर गुंड्यामागे तीन-साडेतीन ग्रॅमची फसगत, सोळांची मिळून पन्नासच्या वर, म्हणजे पुरे दोन गुंडे. सासरे मामलेदार कचेरीत होते. त्यांनी डाव्या बाहीकडे बराच वेळ पाहिलं आणि "नोंद घेतली" एवढंच म्हणाले, असं सांगतात.

सुयांचंही तेच. आपल्याकडे अजून विलायती जुने नंबर चालतात, आणि त्यांची तऱ्हा अशी की नंबर वाढला की सुई बारीक होते. दहा नंबरची सुई सव्वातीन मिलिमीटरची, आठ नंबरची चार मिलिमीटरची, आणि चार नंबरची चक्क सहा मिलिमीटरची. अमेरिकेत उलट, नंबर वाढला की सुई जाड. कॅनडाहून आलेल्या मावशींच्या भाचीने फोनवरच्या नमुन्यात पाहून विचारलं, "मावशी, चारची सुई आहे?" मावशींनी डब्यातून चार नंबर काढून दिली. नमुन्याला हवी होती चार मिलिमीटरची, म्हणजे आपली आठ. भाचीने श्रद्धेने दोन आठवडे विणलं. जे तयार झालं त्यातून भाजीवाल्याने कांदे नेले असते. "पण लोकर पुरली की नाही?" मावशींनी विचारलं. ही एकच वेळ, जेव्हा ती पुरली होती.

साहेबांचे नियम खरं म्हणजे चांगले आहेत आणि कुणीही वहीत टिपून घ्यावेत असे आहेत. पाठ विणून झाली की वजन करा. पूर्ण बाह्यांच्या साध्या स्वेटरला पाठीच्या साधारण सव्वातीन पट लोकर लागते. एक ओळ विणायला विणीच्या रुंदीच्या तिपटीहून थोडा जास्त धागा जातो, तेव्हा गुंडा संपत आला की धागा वेगळा पसरून बघा, ओळ मधेच तुटायला नको. मावशींचं माप वीत, डोळा आणि "तसा बारीकच आहे तो" हे. काट्याविषयी त्यांचं मत एका वाक्याचं आहे: "माणूस वजनावर थोडाच स्वेटर घालतो?" एका गुरुवारी साहेब चेन्नईचं सांगत होते. २०१६ साली तिथे शेकडो बायकांनी क्रोशाचे चौकोन जोडून ११,१४८.५ चौरस मीटरची गोधडी अंथरली आणि गिनेसच्या पुस्तकात नाव लावलं. देशभरातून चौकोन आले होते. सगळ्या सुया थांबवून ऐकत होत्या. मावशींनी तेवढंच विचारलं, "लोकर किती आणली होती त्यांनी सुरुवातीला?"

साहेबांना ते ठाऊक नव्हतं. मावशींच्या चेहऱ्यावर जे उमटलं त्याला विजय म्हणायला हरकत नाही.

इथे एक गोष्ट उघड करायला हवी. गुरुवारच्या सगळ्या बायका मावशींना विचारूनच लोकर घेतात आणि घरी जाताना गुपचूप दोन गुंडे जास्त घेतात. कुणी कुणाला सांगत नाही, सगळ्या तेच करतात. त्यामुळे डिसेंबरअखेर प्रत्येकीच्या पिशवीत काहीतरी उरतं, कुणाचं दीड, कुणाचं पाऊण. आणि त्याच सुमाराला मावशी सुई खाली ठेवून म्हणतात, "अगं, कुणाकडे एखादा गुंडा असेल का गं? उगाच आपला हाताशी असावा." मग पिशव्या उघडतात. ए विंगमधून पाऊण, तळमजल्यावरून अर्धा, तिसऱ्या मजल्यावरच्या सुनेकडून एक पुरा. रंग एक, लॉट तीन. प्रस्तुत लेखकाच्या निळ्या स्वेटरच्या डाव्या बाहीत नीट पाहिलं तर मनगटापासून खांद्यापर्यंत तीन बिऱ्हाडं सापडतात. हा स्वेटर त्याने तीनदा बोहारणीसाठी काढला आणि तीनदा पुन्हा कपाटात ठेवला. कारण काही विशेष नाही. ऊब चांगली आहे.

मावशींची बाजू त्यांनी स्वतः कधी मांडली नसती. गेल्या जानेवारीत, वीज गेलेली असताना, तिसऱ्या मजल्यावरच्या सुनेने सहज विचारलं म्हणून निघाली. १९६२ साली मावशी अकरा वर्षांच्या होत्या, घाटावरच्या एका तालुक्याच्या गावी. ऑक्टोबरात चीनने हल्ला केला, यशवंतराव चव्हाण संरक्षणमंत्री म्हणून दिल्लीला गेले, आणि गावोगावच्या बायका जवानांसाठी स्वेटर विणायला बसल्या. शाळेतही विणायचं ठरलं. बाईंनी एका स्वेटरचे चार तुकडे केले आणि चार मुलींना दिले: एकीला पाठ, एकीला पुढची बाजू, एकीला उजवी बाही, हिला डावी. हिरवट खाकी लोकर प्रत्येकीला तोलून दिली. हिच्या वाट्याची लडी हातात देताना बाईंनी विचारलं, "पुरेल ना गं?"

वर्गासमोर उभं राहून दुसरं काय उत्तर देणार?

हात सैल होता. लोकर संपली. बाईंकडे मागायची हिंमत झाली नाही, सरकारी लोकर चोरली असं वाटेल म्हणून. आईच्या जुन्या हिरव्या कानटोपीचा शेंडा उसवून बाही पुरी केली. किती कमी पडली होती, हे दर सांगण्यात बदलतं. त्या रात्री चार बोटं होती, परवा वीतभर झाली, आणि साहेबांना सांगताना कोपरापर्यंत गेली. त्याबद्दल अर्थात कुणी काटा काढला नाही. बाईंनी चारही तुकडे जोडले, डाव्या खांद्याशी क्षणभर थांबल्या आणि तसंच शिवून टाकलं. तोवर २१ नोव्हेंबरची शस्त्रसंधी होऊन गेली होती. स्वेटर तरी पाठवलाच. वर थंडी होतीच.

"कुणी घातला असेल का गं?" असं मावशींनी विचारलं. सुनेने काही म्हणायच्या आत वीज आली, आणि त्या म्हणाल्या, "चल, ओळ चुकली माझी."

यंदा साहेबांनी दसऱ्याआधीच तक्ता केला. माप, वेण्या, मनगटाची पट्टी, सगळं धरून. लेखकाच्या राखाडी स्वेटरला अकरा गुंडे, एकाच लॉटचे, दुकानात स्वतः उभं राहून प्रत्येक पट्टी तपासून घेतलेले. मावशी तेव्हा बाहेर चपलांच्या दुकानाकडे बघत उभ्या होत्या. त्यांनी विणलं मात्र नेहमीसारखं, सुबक. डिसेंबरच्या तिसऱ्या गुरुवारी डावी बाही पुरी झाली, कुणाच्याही पिशव्या न उघडता. बाकीच्या बायकांच्या घरी दीड-दीड गुंडे तसेच पडून राहिले.

पहिल्याच रविवारी तो घालून लेखक एका लग्नाला गेला. मावशींच्या धाकट्या दिरांनी डावा हात खिशातून काढून त्याची बाही चिमटीत धरली, उलटी करून पाहिली आणि म्हणाले, "छान आहे. कुठून विकत घेतलात?"

हे मावशींना सांगायला नको होतं, पण सांगितलं. त्या हसल्या नाहीत, रागावल्याही नाहीत. पिशवीत हात घालून चाचपडल्या.

"अकरातली उरली किती रे?"

"अर्धा गुंडा असेल."

त्यांनी तो हातात घेतला, दाबला, गालाला लावला. चौथ्या मजल्यावर फेब्रुवारीत बाळ यायचं होतं. मावशींनी एक डोळा बारीक करून छताकडे पाहिलं.

"टोपरं होईल, मोजे होतील आणि वर एक झबलं. पूर्ण बाह्यांचं," त्या म्हणाल्या. "पुरेल."

तळमजल्यावरच्या बाई मुकाट्याने उठल्या आणि आपली पिशवी आणायला घरी गेल्या.