नऊ महिने बिनपगारी

आमच्या शेजारच्या काकू कुपवाड एमआयडीसीत पॅकिंगला जातात. परवा सुट्टीला त्यांनी मोबाइल पिठाच्या डब्याला टेकवून ‘मिमी’ हा हिंदी सिनेमा लावला. परदेशी जोडप्याचं बाळ वीस लाखांच्या बोलीवर पोटात वाढवणारी राजस्थानची नाचणारी पोरगी, आणि मध्येच टांग देऊन पळालेलं ते जोडपं. गोरंपान बाळ बघून घरच्यांचे डोळे पांढरे होतात, तिथं काकू इतक्या हसल्या की तव्यावरची भाकरी करपली.

मी शहाणपणा पाजळला. “काकू, ही गोष्ट मूळची मराठी. समृद्धी पोरेंचा ‘मला आई व्हायचंय!’. 2010 चा सर्वोत्कृष्ट मराठी चित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कार त्याला. त्यात आपली खेड्यातली यशोदा आणि तिच्या दारी आलेली मेम.”

म्हणजे कळा सोसल्या मराठीनं आणि 2021 साली बारशाचे पेढे वाटले हिंदीनं. मिमी झालेल्या क्रिती सेनॉनला राष्ट्रीय पुरस्कार मिळाला तो वेगळाच.

“तसंच असतंय,” काकू म्हणाल्या. “आपली महापालिका बघा की. 1998 ला सांगली, मिरज, कुपवाड अशा तीन तऱ्हेच्या तिघी एका चुलीवर आणल्या. कारखान्यांचा धूर कुपवाडनं गिळायचा, आन् पाव्हण्याला गाव सांगताना मात्र ‘सांगली’!”

“पण आता मिमीसारखं काही घडायचं नाही,” मी म्हणालो. “डिसेंबर 2021 मध्ये सरोगसीचा कायदा झाला. परदेशी जोडपं चालत नाही. बाळ वाढवणारी 25 ते 35 वयाची, लग्न झालेली, स्वतःचं मूल असलेली हवी. तेही जन्मात एकदाच.”

म्हणजे बिनलग्नाची मिमी पहिल्या पाच मिनिटांतच बाद. सिनेमा संपला.

“आन् पैसं?”

“पैसे घ्यायचे नाहीत. दवाखान्याचा खर्च आणि 36 महिन्यांचा विमा मिळतो. बाकी परोपकार.”

काकूंनी उलथनं खाली ठेवलं. “डॉक्टरला फी?”

“असते.”

“वकिलाला?”

“असते.”

“रक्त तपासणाऱ्याला?”

“त्यालाही.”

“मग परोपकार येकटीनंच करायचा व्हय? नऊ म्हैनं, रात्रपाळीसकट, बिनसुट्टीचं! त्यापेक्षा आमचा ठेकेदार बरा. हजेरी कापतोय, पण कापायला आधी लावतोय तरी!”

यावर माझ्याकडं उत्तर नव्हतं. गरीब बायांच्या पोटावर दलालांनी धंदा मांडला होता, त्यांना हाकलायलाच हवं होतं. पण दलालाबरोबर बाईची मजुरीही उंबऱ्याबाहेर काढली, हे काही बरं झालं नाही.