ओ यू जी एच

रविवारी सकाळी लेकीने वही माझ्यापुढे सरकवली. दहा इंग्रजी शब्द आणि तीन रकाने: शब्द, उच्चार, मराठी अर्थ. सोमवारी चाचणी. दहाही शब्दांच्या पोटात तीच चार अक्षरं, ओ यू जी एच. अक्षरं सारखी, म्हणजे एक उच्चार पाठ केला की दहा शब्द खिशात, असा तिचा हिशोब होता. मला तिची दया आली, कारण हाच हिशोब मी पाचवीत करून बसलो होतो.

आमच्या वेळी इंग्रजीची गाठ पाचवीत पडायची. मास्तर पुढे म्हणायचे आणि आम्ही मागून ओरडायचो, ‘टी ओ यू जी एच टफ, टफ म्हणजे चिवट!’ दुसऱ्या दिवशी त्यांनी फळ्यावर टीच्या जागी डी काढला आणि बोट माझ्याकडे केलं. मी छातीठोकपणे सांगितलं, ‘डफ.’ अर्थ विचारला तर तोही तयार होता: डफ म्हणजे डफ, वाजवायचा. पुढचा अर्धा तास मी बाकावर उभा होतो. तो शब्द ‘डो’ आहे आणि त्याचा अर्थ मळलेल्या कणकेचा गोळा, हे मला वरून, म्हणजे बाकावरूनच कळलं.

टी ओ, डी ओ आणि जी ओ यांच्या भांडणाचं काय करायचं ते धर्मेंद्रने १९७५ सालीच ‘चुपके चुपके’मध्ये करून ठेवलं आहे. पण ती दोन अक्षरांची किरकोळ कुरबूर झाली. इथे चार अक्षरांचं आख्खं कुटुंब, आणि घरोघरी वेगळं बोलणारं. टफमध्ये ‘अफ’, खोकल्याच्या कॉफमध्ये ‘ऑफ’, डोमध्ये ‘ओ’, थ्रूमध्ये ‘ऊ’, फांदीच्या बाउमध्ये ‘आउ’, विचाराच्या थॉटमध्ये ‘ऑ’. आणि ‘संपूर्ण’ अर्थाच्या शब्दाला इंग्लंडात ‘थरा’ म्हणून सोडून देतात, म्हणजे शेवटी ही चारही अक्षरं मिळून एक ‘अ’ जेमतेम पदरात पडतो. सात उच्चार झाले. सप्तसूर म्हणावेत तर एकही दुसऱ्याशी जुळत नाही.

माझा भाचा लंडनजवळ नोकरीला आहे. त्याच्या गावाचं नाव मी दोन वर्षं ‘स्लफ’ असं घेत होतो. शेवटी त्यानेच अदबीने सांगितलं, ‘मामा, स्लाउ.’ स्लाउ म्हणजे दलदल. पण माझंही अगदीच चुकलं नव्हतं. त्याच स्पेलिंगचा ‘स्लफ’ असा दुसरा शब्द आहे आणि त्याचा अर्थ सापाची कात. भाचा दोन वर्षं माझ्या लेखी सापाच्या कातीत राहत होता, एवढंच.

या घोटाळ्याला कारण आहे. त्यातल्या बहुतेक शब्दांत ‘जी एच’ ही एकेकाळी खरीखुरी ध्वनीची जागा होती. घशातून खरवडून काढलेला ‘ख’, उर्दू जाणणारा माणूस ‘खबर’ म्हणताना काढतो तसा. जर्मन लोक रात्रीला अजून ‘नाख्ट’ म्हणतात, आणि इंग्रजांची रात्रही पूर्वी अशीच खाकरायची. १०६६ मध्ये नॉर्मन लोकांनी इंग्लंड जिंकलं. पुढे फ्रेंच वळणाच्या लेखनिकांनी हा घशातला आवाज ‘जी एच’ असा लिहायला सुरुवात केली. १४७६ मध्ये कॅक्स्टनने वेस्टमिन्स्टरला छापखाना टाकला आणि स्पेलिंगं हळूहळू शिशात घट्ट बसू लागली. लोकांचे घसे मात्र पुढे सरकत राहिले. तो ‘ख’ कुठे गिळला गेला, कुठे त्याचा ‘फ’ झाला. अमेरिकेत वेबस्टरने १८२८ च्या कोशात बरीच झाडलोट केली. तिथला नांगर आता ओ डब्ल्यूवर भागवतो. दुष्काळ मात्र तिथेही जुन्याच स्पेलिंगने पडतो.

मी हे सगळं लेकीला रंगवून सांगत होतो आणि ती पेन्सिलीचं टोक चावत होती. आई शेजारी मेथी निवडत बसली होती. आईचं शिक्षण चौथीपर्यंत, सोलापूरकडच्या खेड्यात. ‘वाच की अर्थ,’ ती नातीला म्हणाली. लेक वाचू लागली. नांगर. दुष्काळ. फांदी. कणीक. खोकला. चिवट. दलदल. आईचा मेथीचा हात थांबला. ‘ही तर समदी आपल्या रानातली नावं हायेत गं!’

मी यादी पुन्हा पाहिली. खरंच की. घशातला तो आवाज साहेबाच्या कचेरीतला नव्हताच, तो जुन्या इंग्लंडातल्या शेतकऱ्याचा होता. खोकल्याबद्दल तर आईला शंकाच नव्हती. ‘कफ आपलाच. साहेबानं नेला.’ दोन्ही शब्दांचं काही नातं नाही हे मी तिला सांगितलं. पण सगळा महाराष्ट्र औषधाच्या दुकानात ‘कफ सिरप’ मागत असताना माझं कोण ऐकतो?

एका शब्दाला अर्थ सापडत नव्हता. ट्रॉफ. पावसाळ्यात बातम्यांत ‘ट्रफ’ ऐकू येतो तो हाच, पण हवामानवाल्यांचं ‘द्रोणीय क्षेत्र’ चौथीतल्या वहीत कसं लिहायचं? मी म्हटलं, गुरं पाणी पितात ते लांबट दगडी भांडं. ‘डोण,’ आई म्हणाली आणि पुन्हा मेथीकडे वळली. संस्कृतातली द्रोणी झिजून झिजून गोठ्यात येऊन बसली होती.

मंगळवारी वही परत आली. दहापैकी नऊ. ‘डोण’खाली लाल पेनाने भलंमोठं प्रश्नचिन्ह. ‘तुमच्या बाईंनी डोण बघितली न्हाई व्हय?’ आईने विचारलं. लेकीनेही कुठे बघितली होती? मग आईने दुधाच्या हिशोबाची वही ओढली आणि मागच्या कोऱ्या पानावर तिला डोण काढून दाखवली, दोन बैलांसकट. बैल जरा कुत्र्यासारखे झाले, पण डोण उत्तम.

लेकीचं लक्ष मात्र पलीकडच्या पानावर गेलं. दुधाचा हिशोब. ‘पांच लीटर. कांहीं बाकी नाहीं.’ असले न उच्चारले जाणारे अनुस्वार साहित्य महामंडळाच्या नियमांनी १९६२ साली काढून टाकले, पण आईची चौथी त्याआधीच झाली होती.

‘आज्जी, पाचवर हे टिंब कशाला? म्हणताना तर येत नाही.’

‘असू दे की,’ आई म्हणाली. ‘ते पहिल्यापासून तिथंच असतंय.’