नवे एई साहेब

चंद्रपूर, कोराडी, परळी, भुसावळ. कुठल्याही औष्णिक वीज केंद्रात जा, एक नवे एई साहेब हमखास भेटतील. एई म्हणजे सहायक अभियंता. वय चोवीस-पंचवीस, सेफ्टी बूट करकरीत, हेल्मेट लख्ख. प्लांटमध्ये माणसाचा अनुभव हेल्मेटवरच्या राखेवरून मोजतात. त्या हिशेबानं साहेब अजून जन्माला यायचे असतात.

त्यांचं स्वतःचं मत वेगळं असतं. रुजू झाल्याच्या पहिल्याच आठवड्यात बॉयलरच्या आधी त्यांनी बढतीचा तक्ता पाठ केलेला असतो. सहायक, उपकार्यकारी, अतिरिक्त कार्यकारी, कार्यकारी, अधीक्षक, उपमुख्य आणि मुख्य. लॅपटॉपमध्ये याची एक्सेल शीट असते आणि त्या शीटप्रमाणे साहेब पस्तिशीत मुख्य अभियंता होतात. शेजारच्या खुर्चीत पन्नाशीचे शिफ्ट इनचार्ज बसलेले असतात, ते अजून ‘अतिरिक्त’च आहेत. साहेब त्यांना अपवाद समजतात. सेवाज्येष्ठता नावाचा रकाना शीटमध्ये नसतो.

घरी मात्र साहेब ‘एमएसईबीत लागलेले’ असतात. मंडळाचं विभाजन 2005 सालीच झालं, निर्मिती, पारेषण आणि वितरण अशा वेगवेगळ्या कंपन्या झाल्या, हे ते प्रत्येक लग्नाच्या पंगतीत समजावून सांगतात. “मावशी, आम्ही फक्त वीज तयार करतो. वाहून नेणारे वेगळे, घरोघरी देणारे वेगळे.” मावशी जिलबी संपेपर्यंत सगळं ऐकून घेते आणि म्हणते, “ते खरंच रे, पण आमच्या गल्लीतली डीपी परवापासून जळलीय, तेवढं बघ ना.” मामांच्या खिशात वाढीव बिल तयारच असतं. मुलगी दाखवायला आलेल्यांना कंपनी कुठली याच्याशी कर्तव्य नसतं, “क्वार्टर मिळतं ना?” एवढंच त्यांना हवं असतं.

मग साहेबांना रात्रपाळी लागते. 500 मेगावॉटचा संच पूर्ण भारावर तासाला 300 टनांच्या आसपास कोळसा खातो, वाफ 540 अंशांची, टर्बाइन मिनिटाला 3000 फेरे घेतं. एवढ्या अवाढव्य कारभारात साहेबांच्या वाट्याला काय येतं, तर तासातासाला रीडिंग घेऊन लॉगबुक भरणं. पावसाळ्यात ओला कोळसा फीडरमध्ये अडकला की बंकरपाशी उभं राहून घण मारून घेणं. इंजिनिअरिंगच्या चार वर्षांत घणाचा धडा कुठेच नव्हता, याचं त्यांना फार वाईट वाटतं.

धडा देतात ते टेक्निशियन काका. “साहेब, या मिलचा आवाज कानात भरून घ्या जी. हा चांगला आवाज. असा नाही आला की समजायचं, गडबड हाय.” साहेब तो आवाज मोबाइलमध्ये रेकॉर्ड करतात. काका हसून तंबाखू मळायला वळतात.

दर तीन महिन्यांनी साहेबांना हे क्षेत्र सोडावंसं वाटतं. दुपारी सौर वीज वाढली की कळव्याच्या लोड डिस्पॅचचा फोन येतो, लोड उतरवा. संध्याकाळी पुन्हा येतो, लोड चढवा. साहेबांना त्यात भविष्य दिसतं आणि ते सोलरचा कोर्स लावतात. त्याआधी एमबीए होतं, त्याआधी एमपीएससी. तिन्हींची पुस्तकं क्वार्टरमध्ये आहेत आणि सध्या त्यांच्यावर कूलर ठेवलेला आहे. विदर्भाच्या मे महिन्यात हा निर्णय योग्यच म्हणायला हवा.

खरी कसोटी मार्चमध्ये. स्वमूल्यमापनाच्या फॉर्मवर रकाना असतो: ‘वर्षभरातील ठळक कामगिरी’. हिंजवडीतल्या मित्रानं तिथे कायकाय क्रांत्या लिहिल्यात. साहेबांना आठवून आठवून एकच गोष्ट लिहिता येते: माझ्या पाळीत काहीही घडलं नाही. ते शिफ्ट इनचार्जकडे गाऱ्हाणं मांडतात, “सर, काहीतरी घडायला पाहिजे हो.” सर चष्म्यावरून बघतात. “संच बंद पडला की नाव होतं. नाही पडला की पगार होतो. तुम्हाला काय पाहिजे?”

आणि एका रात्री अडीच वाजता घडतं. संच ट्रिप होतो. सेफ्टी व्हॉल्व्ह उडतो, त्याचा आवाज थेट कॉलनीत जातो आणि कंट्रोल रूममधल्या पडद्यावरचे सगळे अलार्म वाचून व्हायच्या आत मुख्य अभियंत्यांचा घरून फोन येतो, “काय झालं?” पाठोपाठ कळव्याचा. ग्रीडमधून 500 मेगावॉट एका क्षणात गेलेले असतात आणि 50 हर्ट्झचा तोल सांभाळायला ते त्यांना आत्ताच्या आत्ता दुसरीकडून उभे करायचे असतात. साहेबांना शीट आठवत नाही, पुस्तक आठवत नाही, स्वतःचा कर्मचारी क्रमांकसुद्धा आठवत नाही. काकांनी सांगितलेलं मात्र सगळं आठवतं. पहाटेपर्यंत ते पळतात, चढतात, उतरतात, ओरडतात. संच पुन्हा सिंक्रोनाइझ होतो तेव्हा हेल्मेटवर बोटभर राख असते आणि ती पुसायचं त्यांना सुचत नाही.

पुढच्या मार्चमध्ये साहेब ‘ठळक कामगिरी’च्या रकान्यात बिनदिक्कत लिहितात, ‘माझ्या पाळ्यांमध्ये काहीही घडलं नाही.’ वरिष्ठ खाली शेरा मारतात, ‘उत्कृष्ट’. बढती अर्थातच सेवाज्येष्ठतेनंच होते. पण एव्हाना नव्या बॅचचा एक करकरीत बूट त्यांच्याकडे येऊन विचारतो, “सर, इथं ग्रोथ कशी आहे?” साहेब त्याला मिलजवळ नेतात आणि म्हणतात, “आधी हा आवाज ऐक.”

तेव्हा वधुपित्यांनो, असं स्थळ सांगून आलं तर बेलाशक होकार द्या. माणूस जबाबदार असतो, क्वार्टर मिळतं. पंगतीत डीपीचा विषय तेवढा काढू नका.