बंडूची इच्छा असेल तर

डेन्व्हर, कोलोरॅडो

ती. बाबा आणि ती. सौ. आईस,


फोन मध्येच कट झाला आणि बाबांनी अर्धवट ऐकून अख्ख्या आळीला सांगितलं की सूनबाई अमेरिकेत कुत्र्यांची डॉक्टर होतेय. तसं नाही. मुग्धा शिकतेय ती प्राण्यांच्या मदतीने करायची थेरपी. त्यात कुत्रा पेशंट नसतो, तो डॉक्टरच्या बाजूचा. पेशंट माणूस. सराव करण्यापुरता सध्या मी.

मुग्धाचा वर्ग ऑनलाइन. रात्री भांडी आवरली की जेवणाच्या टेबलावर लॅपटॉप उघडतो. पडद्यावर कुणाच्या मांडीवर मांजर, कुणाच्या खांद्यावर पोपट, आणि आमच्याकडून आमच्या कुत्र्याची, बंडूची, शेपटी. प्राध्यापिकाबाई कोण बोलतंय हे विचारण्याआधी कोण भुंकतंय हे विचारतात. प्रात्यक्षिकाला मात्र समक्षच जावं लागतं, म्हणून शनिवारी मुग्धा आणि बंडूची स्वारी इथल्या वृद्धाश्रमात.

बाबा म्हणतील, अमेरिकन खूळ. इथल्यांनाही आधी तसंच वाटलं. न्यूयॉर्कच्या बोरिस लेव्हिन्सन नावाच्या मानसशास्त्रज्ञाकडे एक अबोल मुलगा ठरलेल्या वेळेच्या आधीच येऊन पोचला. घरात त्यांचा जिंगल्स कुत्रा मोकळा होता. तो धावत जाऊन मुलाला चाटायला लागला आणि डॉक्टरांना जे जमत नव्हतं ते सुरू झालं. १९६१ साली त्यांनी हे मानसशास्त्रज्ञांच्या परिषदेत मांडलं, तेव्हा कुणी तरी विचारलं म्हणे, फीतला किती वाटा कुत्र्याला देता? प्रश्न मला अजूनही रास्त वाटतो. व्हिएन्नात फ्रॉइडसाहेबांची जोफी नावाची कुत्री तर पेशंट बोलत असताना खोलीतच बसायची. ती उठून जांभई द्यायला लागली की वेळ संपली असं ते समजायचे.

मुग्धाच्या अभ्यासात या जांभईला फार मान आहे. झोप आलेली नसताना कुत्र्याने जांभई दिली, उगाच ओठांवरून जीभ फिरवली, मान वळवली किंवा डोळ्यांचं पांढरं दाखवलं, तर त्याला ताण आलाय. गृहपाठ काय, तर कुत्र्याचा मिनिटभराचा व्हिडिओ पुन्हा पुन्हा बघायचा आणि हे सगळं टिपायचं. व्हिडिओ संपले की ती माझ्याकडे वळते. आई, परवा तू माझ्या पोटाच्या घेराविषयी बोलत होतीस ना? मी जीभ फिरवून खिडकीकडे बघितलं. मुग्धाने ताबडतोब वहीत 'ताण' असं लिहिलं आणि फोन काढून घेतला. तुला वाटलं रेंज गेली.

खरी मेख पुढे आहे. बंडूची इच्छा नसेल तर भेट होत नाही. वृद्धाश्रमातल्या आजोबांनी कितीही लाडाने बोलावलं तरी याने दाराकडे तोंड केलं की मुग्धा नमस्कार करून निघते. लोकांना वाटतं कुत्र्याला शिकवतात; शिकायचं असतं दोरी धरणाऱ्याने. मला हे मनापासून पटलंय. महाराष्ट्र मंडळाच्या कार्यक्रमात तिसरं भाषण सुरू झालं की मीही दाराकडे तोंड करून उभा राहतो, पण मला कुणी बाहेर नेत नाही.

परीक्षा बंडूची वेगळी. शेजारून कुबड्या आपटत माणूस गेला, मागे काही धाडकन पडलं, तरी बिचकायचं नाही. जमिनीवरच्या खाऊला तोंड लावायचं नाही. बिस्किटावरून, चीजवरून साहेब संन्याशासारखे गेले. घरी सरावाला मुग्धाने गरम पोळी ठेवली आणि वैराग्य संपलं. नामदेव महाराज कुत्र्यामागे तुपाची वाटी घेऊन धावले होते. आमच्याकडे मुग्धा 'सोड, सोड' ओरडत.

आमच्या अर्णवचं मराठी वाचन मात्र बंडूमुळे सुरू झालं. सॉल्ट लेक सिटीत १९९९ पासून मुलांनी कुत्र्याला गोष्ट वाचून दाखवण्याचा कार्यक्रम चालतो; तोच आम्ही घरी सुरू केला. मी शेजारी बसलो की अर्णवचं पुस्तक मिटतं, कारण मी त्याचा 'ळ' सुधारतो. बंडू सुधारत नाही. आई, तू पाठवलेली बालभारती रोज संध्याकाळी कोचामागून ऐकू येते, 'शाला', 'फला' सकट. आत डोकावायला मला बंदी आहे.

आई, तू म्हणतेस तसा बंडू दिवाळीत विमानात आमच्या शेजारी बसून येणार नाही. थेरपीच्या कुत्र्याला तिथे काडीची सवलत नसते. सवलत सर्व्हिस डॉगला, म्हणजे अंध किंवा अपंग माणसासाठी ठरावीक काम शिकलेल्या कुत्र्याला. पूर्वी 'भावनिक आधार' म्हणून लोक काहीही न्यायचे. २०१८ साली नेवार्क विमानतळावरून एकीचा मोर परत पाठवला; २०२१ पासून तर असल्या प्राण्यांना घ्यायची सक्तीच कंपन्यांवर राहिली नाही. साक्षात सरस्वती आली तरी मोर दारात ठेवावा लागेल.

मुग्धाचा एक निरोप: गाई-म्हशींवर निबंध लिहायचाय, तर बाबांनी धार काढताना आपल्या म्हशीचा व्हिडिओ पाठवावा. कान आणि शेपटी नीट दिसू देत. आणि त्या वेळी बाबांनी गड्यावर ओरडू नये, नाहीतर म्हशीला ताण आला असं लिहावं लागेल.

तुमचा,
बाळू