काटा, पेस्ट आणि बर्फीवाला

2024 चा मे महिना. अंधेरी घामाने निथळत होती आणि आमच्या गाडीचा तापमानाचा काटा सांगत होता की आपण महाबळेश्वरात आहोत. सहार रोडवरच्या रांगेत रखडलेली गाडी, बॉनेटला हात लावाल तर चटका, आणि काटा तळाशी निवांत पहुडलेला. पंखा मात्र घरघरतोय, थांबायचं नाव नाही. एकाच गाडीतल्या दोघांनी अबोला धरला होता.

सोसायटीत निदानाला फी नसते. तिसऱ्या मजल्यावरचे काका (निवृत्त, इलेक्ट्रिकल, मत ठाम) म्हणाले, "थर्मोस्टॅट." वॉचमन म्हणाला, "साहेब, पाणी बघा." माझा भाचा गेमिंगचे कॉम्प्युटर जोडतो, म्हणून घरात शास्त्रज्ञ समजला जातो. त्याने खिशातून करड्या मलमाची पिचकारी काढली. "मामा, थर्मल पेस्ट लावू. सेन्सरला इंजिनची उष्णता पोचतच नाहीये."

त्याचं शास्त्र खरं होतं. धातूचे दोन पृष्ठभाग कितीही गुळगुळीत दिसोत, मोजक्या उंचवट्यांवरच टेकतात. मधल्या खळग्यांत हवा असते, आणि हवा उष्णता पुढे जाऊ देताना फार कुरकुरते. झिंक ऑक्साइडसारखी पूड घातलेलं सिलिकॉनचं मलम त्या हवेला हाकलून जागा घेतं. काकांना पटेना, तेव्हा त्याने थेट गोखले पूल काढला. नोव्हेंबर 2022 मध्ये बंद झालेल्या त्या पुलाची एक बाजू फेब्रुवारी 2024 मध्ये उघडली, तेव्हा शेजारच्या बर्फीवाला पुलाशी तो जुळतच नव्हता. उंचीत दीडेक मीटरचा फरक! हा पूल आहे, तोही पूल आहे, मध्ये हवा आहे. पालिका जॅक लावून बर्फीवाला उचलण्याच्या खटपटीत होती.

"तिथे किती ट्यूब लागतील?" काकांनी गंभीरपणे विचारलं.

उदाहरण बिनतोड, फक्त आमच्या गाडीला लागू नव्हतं. कूलंटच्या सेन्सरचं पितळी टोक थेट कूलंटमध्ये बुडालेलं असतं; द्रव चारी बाजूंनी भिडलेला, फट कुठली? उलट ही पेस्ट हवेपेक्षा सरस असली तरी धातूच्या पासंगालाही पुरत नाही. टोकावर जाड थर दिला, तर उष्णता अडतेच. जुन्या एका तारेच्या सेन्सरला तर अर्थिंग आट्यांमधूनच मिळतं. तिथे काही चोपडायचं कारण नाही. पेस्टला मान आहे तो कोरड्या भोकात बसणाऱ्या सेन्सरपाशी, म्हणजे हवेवर थंड होणाऱ्या इंजिनांत. एप्रिल 2020 मध्ये बीएस-6 आलं, दुचाक्यांचे कार्बोरेटर गेले, फ्युएल इंजेक्शन आलं. आता आपण किती तापलोय, हे घाटकोपरच्या डिलिव्हरीवाल्याच्या स्कूटरलाही ठाऊक असावं लागतं.

साकीनाक्याच्या मिस्त्रीने पिचकारीकडे पाहिलंसुद्धा नाही. सेन्सरचा प्लग उपसला. आतली पिन हिरवीगार. मुंबईची दमट हवा! पॉलिश पेपरने घासली, फुंकर मारली, प्लग खट्‌कन बसवला. या सेन्सरचा स्वभाव असा, की गार असताना विरोध दोन-अडीच हजार ओहम, इंजिन नव्वदीत आलं की दोन-तीनशे. तापेल तसा विरोध मावळतो. आमच्या सोसायटीच्या वार्षिक सभेत असा एकही सभासद नाही. पिनेवरच्या गंजाने आपला विरोध त्यात मिसळला आणि गाडीचा मेंदू समजला, हिवाळा आला. मधूनच तार तुटल्यासारखी वाटे, तेव्हा तो घाबरून पंखा लावून ठेवत असे. या बाबतीत तो आमच्या घरातल्या सगळ्यांपेक्षा समंजस.

काटा वर चढला आणि बरोब्बर मध्यावर थांबला. "म्हणजे आता नेमकं किती तापमान?" मी विचारलं.

"बीच में है ना, साहब? घर जाओ."

त्याचंही बरोबरच होतं. हल्लीच्या बऱ्याच गाड्यांत तापमान ऐंशीच्या आसपास आलं की काटा मध्यावर येतो आणि शंभरी ओलांडली तरी तिथून हलत नाही. मुद्दाम तशीच रचना केलेली असते. खरा आकडा हलता दिसला तर लोक रोज गॅरेज गाठतील. आम्हाला तापमान नकोच असतं, मध्यावरचा काटा हवा असतो, आणि कंपन्यांनी हे अचूक ओळखलंय.

उरलेली पेस्ट काकांनी मागून नेली. त्यांच्या गिझरला म्हणे उशिरा कळतं. गिझरच्या थर्मोस्टॅटची दांडी खरोखरच कोरड्या नळीत बसते, त्यामुळे मला विरोध करता येईना. हल्ली ते लिफ्टमध्ये भेटले की "नमस्कार"च्या आधी आंघोळीच्या पाण्याचं तापमान सांगतात, तेही दशांश चिन्हासकट.