सत्तेचाळीसच्या शव्हाल ब्लांचं परीक्षण कसं करावं

आधी लेबल वाचा. नाक आणि जीभ ही नंतरची मंडळी. लेबलावर ‘शातो शव्हाल ब्लां, सेंत-एमिलियों, १९४७’ दिसलं की पाऊण परीक्षण झालंच. उरलेलं पाव तोंडानं करायचं, तेही बहुतांशी बोलून.

मात्र बोलण्याआधी थोडा इतिहास हवा. आपल्याकडे स्वातंत्र्य आलं त्या उन्हाळ्यात या वाईनचं फ्रान्समधलं माहेर, बोर्दो, भाजून निघत होतं. काबेर्ने फ्रां आणि मर्लो ही तिथली द्राक्षं साखरेनं गच्च झाली. तळघरात आजच्यासारखी थंडाव्याची सोय नव्हती. आंबवण्याच्या पिंपांतली उष्णता इतकी चढली की सगळी साखर खाऊन संपवण्याआधीच यीस्टनं हात टेकले. परिणामी वाईनमध्ये साखर शिल्लक राहिली, व्हिनेगरची आठवण करून देणारं आम्ल वाढलं आणि अल्कोहोल चौदा टक्क्यांच्या वर गेलं. वाईनशास्त्राच्या आजच्या विद्यार्थ्यानं असा नमुना पुढे ठेवला, तर मास्तर तो मोरीत ओततील. शव्हाल ब्लांनं ठेवला, आणि तिला शतकातल्या सर्वोत्तम वाईनींत जागा मिळाली. २०१० साली जिनिव्हात तिची सहा लिटरची एकच बाटली लिलावात तीन लाख डॉलरवर गेली.

तेव्हा शब्द जपून वापरा. नाकाला नेलपॉलिश काढायच्या द्रवासारखा वास आला, तर ‘सुगंधाला उठाव आहे’ म्हणा. गोड लागली, तर ‘पोर्टची आठवण होते’ म्हणा. (पोर्तुगालची पोर्ट. गोव्याहून परतताना पिशवीत येते ती नव्हे.) जड वाटली, तर ‘भारदस्त’. हेच तीन गुण अनोळखी बाटलीत सापडले, तर ते दोष आहेत आणि तसं ठणकावून सांगायचं.

आता कृती. बाटली आदल्या दिवशीच उभी करून ठेवा, म्हणजे गाळ तळाशी बसेल. ग्लास दांड्याला धरा आणि पांढऱ्या कागदावर तिरपा करून कडेचा रंग पाहा. जुन्या वाईनला तिथे विटकरी झाक येते. हा सगळ्या परीक्षणातला सर्वात प्रामाणिक क्षण, म्हणून लवकर उरका. मग ग्लास गोल फिरवा. काचेवरून ओघळणाऱ्या धारा पाहून माना डोलावतात, तशी तुम्हीही डोलावा. त्या धारा अल्कोहोलमुळे येतात, दर्जामुळे नव्हे. पण भर मैफलीत हे बोलणारा पुढच्या वेळी बोलावला जात नाही. घोट घेतल्यावर थुंकणं हा व्यावसायिक शिष्टाचार आहे. इथे तो पाळू नका. एका घोटाची किंमत मनात काढून पाहा, गिळणं आपोआप होईल.

कुणी फ्रेदेरिक ब्रोशेचं नाव काढलंच, तर खिडकीबाहेर बघा. या गृहस्थानं बोर्दोमध्ये वाईनशास्त्राच्या ५४ विद्यार्थ्यांना पांढरी वाईन लाल रंग घालून दिली, आणि त्यांनी तिचं वर्णन लाल वाईनच्या शब्दांत केलं. परीक्षणात डोळे किती कामाचे असतात, याचा यापेक्षा चांगला दाखला नाही.

गुण द्यायचे ते शंभरपैकी. वाईन-समीक्षक रॉबर्ट पार्करनं रूढ केलेल्या मोजपट्टीत सुरुवातच ५० पासून होते, म्हणजे निव्वळ बाटलीत हजर राहण्याचे ५०. शव्हाल ब्लांला ९५ च्या खाली देऊ नका. चव अगदीच आवडली नाही, तर ‘ही बाटली थकलेली दिसते’ एवढंच म्हणा. वाईनची अब्रू राहते, तुमचीही आणि यजमानाचीही.

एक शक्यता उरतेच. इतक्या भावाच्या बाटल्यांत नकलाही फिरतात. रूडी कुर्नियावान या संग्राहकाला बनावट दुर्मीळ वाईन विकल्याबद्दल अमेरिकेत २०१४ साली दहा वर्षांची शिक्षा झाली. कॅलिफोर्नियातल्या घरी तो वाईनी एकमेकींत मिसळून दुर्मीळ साल तयार करायचा. त्याच्या बाटल्या उघडून नामांकित जिभा वर्षानुवर्षं तृप्त होत होत्या. तुमच्या ग्लासातली तसलीच निघाली, तरी वरच्या सूचनांत काहीही बदल करण्याची गरज नाही.